रंगेहाथ पकडलेल्या हेराला विमानात का बसवतात?

मे २०१३. मॉस्कोमध्ये अमेरिकी दूतावासातल्या एका तरुण अधिकाऱ्याला रात्रीच्या वेळी रशियाच्या एफएसबी या गुप्तचर संस्थेच्या माणसांनी धरलं. हुद्दा थर्ड सेक्रेटरी, म्हणजे दूतावासाच्या उतरंडीत बराच खालचा. डोक्यावर केसांचा टोप, सामानात आणखी एक टोप, बरीच रोकड आणि एक पत्र. रशियाच्या म्हणण्यानुसार ते पत्र ज्या रशियन अधिकाऱ्याला फितवायचं होतं त्याच्यासाठी होतं. दीर्घकाळ साथ दिलीत तर वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत देऊ, असं त्यात लिहिलेलं. सगळ्याचं चित्रीकरण झालं आणि ते रशियन टीव्हीवर दाखवलं गेलं. एवढा मुद्देमाल हातात असताना पुढे खटला झाला का? नाही. त्याला दूतावासाच्या ताब्यात दिलं आणि देश सोडून जायला सांगितलं.

त्याच्या तीन वर्षं आधी, जून २०१०मध्ये, एफबीआयने अमेरिकेत दहा रशियन हेर पकडले. त्यातले बहुतेक जण वर्षानुवर्षं खोट्या ओळखीवर चारचौघांसारखे राहत होते. घरदार, नोकरी, काहींना मुलंबाळंही. त्यांना मात्र बेड्या पडल्या. कोर्टात उभं राहून गुन्हा कबूल करावा लागला आणि मग रशियाच्या तुरुंगातल्या चार कैद्यांच्या बदल्यात त्यांची अदलाबदल झाली.

काम दोन्हीकडे एकाच जातीचं. तरी एकाला विमान आणि दुसऱ्याला बेड्या. हा फरक एका यादीमुळे पडतो. प्रत्येक देशाचं परराष्ट्र मंत्रालय आपल्याकडे नेमणुकीवर आलेल्या परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांची यादी ठेवतं. मॉस्कोतल्या तरुणाचं नाव त्या यादीत होतं. अमेरिकेतल्या दहा जणांची नव्हती.

करारात काय लिहिलं आहे

राजनैतिक संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार १८ एप्रिल १९६१ रोजी झाला आणि १९६४मध्ये लागू झाला. जगातले जवळपास सगळे देश त्यात सामील आहेत. एकमेकांशी उभा दावा असलेलेही. त्यातली तीन-चार कलमं कळली की या विषयातलं बरंचसं कोडं सुटतं.

कलम २९ सांगतं की राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करता येणार नाही, डांबून ठेवता येणार नाही. कलम ३१ सांगतं की यजमान देशाच्या फौजदारी न्यायालयात त्याच्यावर खटला चालणार नाही. दिवाणी दाव्यांसाठी त्या कलमात काही अपवाद आहेत, फौजदारीसाठी एकही नाही. हेरगिरीला अपवाद नाही आणि खुनालाही नाही. कलम २२मुळे दूतावासाच्या इमारतीत परवानगीशिवाय पोलीस शिरू शकत नाहीत, तर कलम २४मुळे दूतावासाची कागदपत्रं कुठेही सापडली तरी त्यांना हात लावता येत नाही.

याचा अर्थ राजनैतिक अधिकारी कायद्याच्या वर असतो असा नाही. यजमान देशाचे कायदे पाळणं हे त्याचं कर्तव्य आहे आणि कलम ४१ ते स्पष्ट सांगतं. पण त्याने ते मोडले तर त्याला शिक्षा करायचा अधिकार त्याच्या स्वतःच्या देशाकडे राहतो. तो देश वाटल्यास कलम ३२खाली संरक्षण काढूनही घेऊ शकतो. जॉर्जियाने ते केलं होतं. १९९७मध्ये वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या दूतावासातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या गाडीने झालेल्या अपघातात एका मुलीचा जीव गेला. जॉर्जियाने संरक्षण मागे घेतलं, अमेरिकेत खटला चालला, शिक्षाही झाली. हेरगिरीत मात्र हे घडण्याची आशा करू नये. ज्या कामासाठी सरकारनेच माणूस पाठवला, त्याच कामासाठी त्याला परक्यांच्या न्यायालयात कोणतं सरकार ढकलेल?

मग यजमान देशाच्या हातात उरतं काय? कलम ९. यजमान देश कोणत्याही राजनैतिक अधिकाऱ्याला कधीही, आणि आपल्या निर्णयाचं कारण न सांगता, 'पर्सोना नॉन ग्राटा', म्हणजे नकोशी व्यक्ती, ठरवू शकतो. मग त्याला परत बोलावणं किंवा त्याचं काम थांबवणं ही पाठवणाऱ्या देशाची जबाबदारी. अधिकारी देशात पाऊल ठेवण्याआधीच त्याला नकोसा ठरवता येतं. दूतावासातले कारकून, तंत्रज्ञ, चालक यांच्यासाठी करारात 'अस्वीकार्य' असा वेगळा शब्द वापरला आहे, पण परिणाम तोच. वाणिज्य दूतावासांसाठी १९६३चा वेगळा करार आहे. त्यातही हकालपट्टीची अशीच तरतूद आहे, मात्र अटकेपासूनचं संरक्षण तिथे बरंच पातळ आहे.

'कधीही' आणि 'कारण न सांगता'. या सगळ्या कायद्याचा जीव या दोन अटींत आहे. त्यांच्याकडे पुन्हा यावं लागेल.

दूत म्हणजे अर्धा हेर

दूताला मारू नये हे लंकेच्या दरबारात बिभीषणाने रावणाला सांगितलं, तेव्हा समोर बांधून उभा केलेला दूत सगळी लंका पाहून आणि अशोकवनाची नासधूस करून आलेला होता. कौटिल्याने तर दूताच्या कामांतच परराज्याचे किल्ले, फौजफाटा आणि मर्मस्थानं हेरून ठेवणं घातलं आहे. थोडक्यात, दूत माहिती काढणार हे यजमानाला पहिल्यापासून ठाऊक आहे. तरीही त्याला अभय द्यायचं, कारण आपलाही दूत कुठेतरी दुसऱ्याच्या दरबारात उभा आहे. या व्यवहारात उदारपणा शोधू नये. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांच्या ताब्यात आहेत, एवढीच त्याची हमी.

युरोपात हा प्रश्न १५८४मध्ये ठळकपणे उभा राहिला. स्पेनचे लंडनमधले राजदूत बर्नार्दिनो दे मेंदोसा यांचा हात राणी एलिझाबेथला पदच्युत करण्याच्या कटात असल्याचं उघडकीला आलं. राणीच्या मंत्र्यांनी कायदेपंडितांचा सल्ला घेतला. त्यांत अल्बेरिको जेंतिली हे इटलीहून आलेले विधिज्ञ होते. सल्ला असा मिळाला की राजदूताने कट केला असला तरी त्याला इथे शिक्षा करू नये, परत पाठवावं. मेंदोसा यांना हाकललं गेलं. कटातल्या स्थानिक माणसाला, फ्रान्सिस थ्रॉकमॉर्टनला, मात्र मृत्युदंड झाला. व्हिएन्ना करार व्हायला त्यानंतर पावणेचारशे वर्षं लागली, पण त्याचा साचा इथेच दिसतो. परका माणूस घरी जातो, स्थानिक माणूस फासावर जातो.

आता खुद्द करार हेरगिरीबद्दल काय म्हणतो? थेट काहीच नाही. कलम ३मध्ये दूतावासाची कामं दिली आहेत. त्यांत यजमान देशातली परिस्थिती आणि घडामोडी जाणून घेऊन आपल्या सरकारला कळवणं हेही आहे, फक्त ते 'सर्व कायदेशीर मार्गांनी' करावं अशी अट आहे. वर्तमानपत्रं वाचणं, खासदारांशी गप्पा मारणं, अर्थसंकल्पाची चिरफाड करणं, पत्रकाराला जेवायला नेणं, यात काही गैर नाही. संरक्षण खात्यातल्या माणसाला पैसे देऊन फाईल मिळवणं गैर. मधला पट्टा रुंद आहे आणि तिथे नेहमी धुकं असतं. त्याच पत्रकाराला तिसऱ्यांदा जेवायला नेऊन 'तुमचा संरक्षण खात्यातला मित्र काय म्हणतो?' असं विचारलं तर ते काय समजायचं? शांततेच्या काळातली हेरगिरी सरसकट बेकायदा ठरवणारा कोणताही जागतिक करार नाही. प्रत्येक देश आपल्याविरुद्धच्या हेरगिरीला गुन्हा मानतो आणि बहुतेक मोठे देश स्वतः ती करतात. मला वाटतं, करार करणाऱ्यांनी हा विषय मुद्दामच मोघम ठेवला. तो नेमका केला असता तर सह्या झाल्या नसत्या.

तेहरानचा धडा

दूतावास म्हणजे हेरांचा अड्डाच असेल तर? तरीही अभय? हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर खरोखरच आला.

४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधला अमेरिकी दूतावास आंदोलक विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतला. काही जणांना नंतर सोडण्यात आलं, पण ५२ अमेरिकी ४४४ दिवस ओलीस राहिले. इराणच्या नव्या सत्ताधाऱ्यांनी या कृतीला पाठिंबा दिला. अमेरिका हेगच्या न्यायालयात गेली. इराण सुनावणीला हजर राहिला नाही, पण पत्र पाठवून त्याने आपली बाजू कळवली. अमेरिका पंचवीस वर्षं आमच्या कारभारात ढवळाढवळ करत आली आहे, दूतावासाचा प्रश्न हा त्या मोठ्या दुखण्याचा एक कोपरा आहे, असा त्याचा सूर होता. १९५३मध्ये इराणचे पंतप्रधान मोसाद्देक यांना उलथवण्यात सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा हात होता हे लक्षात घेतलं तर इराणचा संताप हवेतला नव्हता.

न्यायालयाने २४ मे १९८० रोजी निकाल दिला. त्यातला या विषयापुरता भाग असा. हे सगळे आरोप सिद्ध झाले असं गृहीत धरलं तरी त्यातून इराणच्या कृतीचं समर्थन होत नाही. कारण राजनैतिक संबंधांचा कायदा ही स्वयंपूर्ण व्यवस्था आहे. राजनैतिक सवलतींचा गैरवापर होऊ शकतो हे त्या कायद्याने आधीच ओळखलं आहे आणि त्यावरचा उपायही त्यातच ठेवला आहे. एखादा अधिकारी हेर वाटतो? त्याला नकोसा ठरवा. सगळा दूतावासच सडका वाटतो? संबंध तोडा, दूतावास बंद करा. इराणने यातलं काहीच केलं नाही आणि माणसं कोंडून ठेवली.

न्यायालयाने एक बारीक फटही ठेवली. एखादा राजनैतिक अधिकारी मारहाण किंवा तसाच गुन्हा करताना सापडला, तर तो गुन्हा थांबवण्यापुरतं पोलीस त्याला थोडा वेळ अडवू शकतात. मॉस्कोतल्या त्या रात्रीसारख्या प्रसंगांत सरकारं याच फटीचा आधार घेऊ पाहतात. 'तो कोण आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं, ओळख पटताच सोडलं' हे ठेवणीतलं वाक्य आहे. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये दिल्ली पोलिसांनी पाकिस्तानी उच्चायोगाच्या एका कर्मचाऱ्याला हेरगिरीच्या आरोपावरून ताब्यात घेतलं तेव्हाही हेच झालं. संरक्षण असल्याचं कळल्यावर चौकशी थांबवून त्याला सोडलं आणि नकोसा ठरवलं. पाकिस्ताननेही लगेच भारतीय उच्चायोगातल्या एकाला हाकललं.

हे अभय किती टोकाला जाऊ शकतं ते ब्रिटनने १९८४मध्ये पाहिलं. लंडनमधल्या लिबियाच्या दूतावासातून बाहेरच्या निदर्शकांवर गोळीबार झाला आणि बंदोबस्तावरच्या एका महिला पोलिसाचा मृत्यू झाला. पोलिसांनी इमारतीला अकरा दिवस वेढा घातला, पण आत शिरले नाहीत. ब्रिटनने संबंध तोडले आणि आतल्या सगळ्यांना देशाबाहेर जाऊ दिलं. तेव्हा ब्रिटिश जनता खवळली होती. करार बदलावा का याचाही संसदेत विचार झाला. शेवटी ब्रिटनने तो होता तसाच राहू दिला. ब्रिटनचे स्वतःचे शेकडो लोक जगभरच्या राजधान्यांत याच कलमांच्या भरवशावर काम करत होते.

कारण का सांगत नाहीत

प्रत्यक्ष हकालपट्टी फारशी नाट्यमय नसते. त्या देशाच्या राजदूताला किंवा त्यांच्या गैरहजेरीत काम पाहणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयात बोलावतात. एक औपचारिक पत्र हातात देतात. त्यात नाव असतं आणि मुदत असते. करार फक्त 'वाजवी अवधी' म्हणतो, तास ठरवून देत नाही. राग जास्त असेल तर २४ किंवा ४८ तास, जरा सबुरीने घ्यायचं असेल तर ७२ तास किंवा आठवडा. मुदत संपूनही पाठवणाऱ्या देशाने माणूस हलवला नाही, तर यजमान देश त्याला दूतावासाचा सदस्य मानणं थांबवू शकतो. मग तो एक साधा परदेशी माणूस उरतो आणि त्याचं कवच गळून पडतं. ही वेळ सहसा कुणी येऊ देत नाही.

पत्रकात 'हेरगिरी' हा शब्द अनेकदा नसतोच. 'आपल्या अधिकृत दर्जाशी विसंगत कारवाया' असं काहीतरी असतं. सगळ्या देशांनी एकच मसुदा वाटून घेतल्यासारखी ही भाषा आहे. वाचणाऱ्याला ती भित्री वाटू शकते. पुरावे आहेत तर टाका ना टेबलावर!

पण पुरावा टेबलावर टाकला की तो कुठून आला हेही उघड होतं. ब्रिटनने सप्टेंबर १९७१मध्ये १०५ सोव्हिएत अधिकाऱ्यांना एका फटक्यात बाहेर काढलं. त्यातले काही आधीच मायदेशी गेले होते, त्यांना परत येऊ दिलं नाही. त्यामागे केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेतल्या ओलेग ल्यालिन या फितूर अधिकाऱ्याने दिलेली माहिती होती. १९८५मध्ये ब्रिटनने २५ सोव्हिएत नागरिकांना हाकललं ते ओलेग गोर्दिएव्हस्की सुखरूप हाती आल्यानंतर. ते लंडनमधल्या केजीबीच्या शाखेत वरच्या पदावर होते आणि अनेक वर्षं ब्रिटनला माहिती पुरवत होते. गोर्दिएव्हस्की तिथे काम करत असताना त्यांच्या माहितीवरून सरसकट हकालपट्टी केली असती, तर मॉस्कोला ही माहिती कोण देतं ते शोधायला वेळ लागला नसता. कारण न सांगण्याची मुभा नसती तर गुप्तचर खात्यांनी आपल्या खबऱ्याचा जीव वाचवण्यासाठी परक्या हेरांना मोकळं सोडलं असतं.

याची दुसरी बाजू मात्र अस्वस्थ करणारी आहे. कारण सांगायचं नाही, पुरावा द्यायचा नाही, आणि दाद कुठेच मागता येत नाही. म्हणजे निर्दोष माणसालाही याच दाराने बाहेर काढता येतं. आणि काढलं जातंच. 'जशास तसे' म्हणून जेव्हा समोरचा देश तितकीच माणसं हाकलतो, तेव्हा त्या यादीतला प्रत्येक जण हेर असतो यावर कुणाचाच विश्वास नसतो. म्हणून 'अमुक देशाने हेरगिरीबद्दल चार जणांना हाकललं' ही बातमी वाचून त्या चौघांनी काय केलं असेल याचा निवाडा आपण करू नये. कलम ९ने तो प्रश्नच बाजूला ठेवला आहे. यजमानाला ही माणसं नकोत, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

लाल पासपोर्टचा गैरसमज

राजनैतिक पासपोर्ट असला की कुठेही अटक होत नाही, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. संरक्षण नेमणुकीला चिकटलेलं असतं, पासपोर्टला नाही. ज्या देशात नेमणूक झाली आणि ज्या देशाने ती मान्य केली, तिथेच ते चालतं. नेमणुकीच्या ठिकाणी जाताना किंवा तिथून घरी परतताना वाटेतल्या देशातही थोडं मिळतं. बाकी ठिकाणी तो पासपोर्ट म्हणजे जाडजूड कागदाची छोटी वही.

एप्रिल २०१८मध्ये रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेचे चार जण राजनैतिक पासपोर्टवर नेदरलँड्समध्ये आले. हेगमध्ये रासायनिक अस्त्रबंदी संघटनेच्या मुख्यालयाशेजारच्या हॉटेलात उतरले. भाड्याच्या गाडीच्या डिकीत वायफायमध्ये घुसखोरी करणारी यंत्रणा लावून गाडी मुख्यालयाकडे तोंड करून उभी केली. डच गुप्तचरांनी त्यांना १३ एप्रिलला गाठलं. हे लोक नेदरलँड्समध्ये नेमणुकीवर नव्हते. म्हणजे खटल्याचा मार्ग खुला होता असा युक्तिवाद नक्कीच करता आला असता. डच सरकारने मात्र त्यांना त्याच दिवशी विमानात बसवलं. मग ऑक्टोबरमध्ये पत्रकार परिषद घेऊन त्यांची छायाचित्रं, उपकरणं, इतकंच काय मॉस्कोतली टॅक्सीची पावतीही जगाला दाखवली. म्हणजे जिथे कायदा कदाचित हात बांधत नव्हता, तिथेही त्यांनी हकालपट्टीच निवडली. यातून या विषयातलं एक तथ्य नीट दिसतं. हकालपट्टी कधी करायची, हे पुरावा कधी मिळाला यावर क्वचितच ठरतं.

गुप्तचर खात्यांना समोरच्या दूतावासातले बरेचसे हेर माहीत असतात. काहींची नावं तर दोन देश एकमेकांना अधिकृतपणे कळवतात, म्हणजे सहकार्याचं काम सोपं होतं. उरलेल्यांचाही अंदाज असतो. अशा ओळखीच्या हेरावर नजर ठेवता येते. तो कुणाला भेटतो ते कळतं. त्याला हाकललं की त्याच्या जागी अनोळखी माणूस येतो आणि सगळी मेहनत पुन्हा. म्हणून सरकारं वर्षानुवर्षं गप्प बसतात. मग काहीतरी घडतं. विषप्रयोग होतो, हल्ला होतो, संबंध बिघडतात. त्या दिवशी खणातली यादी बाहेर निघते.

मित्रदेशही यातून सुटत नाहीत. जुलै २०१४मध्ये जर्मनीने बर्लिनमधल्या सीआयएच्या प्रमुखाला देश सोडायला सांगितलं. २०१०मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि आयर्लंड यांनी एकेका इस्रायली राजनैतिक अधिकाऱ्याला काढलं. दुबईतल्या एका हत्येत त्यांच्या देशांचे बनावट पासपोर्ट वापरले गेले होते.

आकड्यांचा खेळ

एका देशाने दहा काढले की दुसरा दहा काढतो. १९८५मध्ये ब्रिटन आणि सोव्हिएत युनियन यांनी असे दोन हात खेळले. आधी पंचवीसला पंचवीस, मग सहाला सहा. शेवटी दोघं थांबले, कारण मॉस्कोतला ब्रिटिश दूतावास रिकामा व्हायला आला असता. मार्च २०१८मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्झबरीत, ब्रिटनसाठी हेरगिरी केलेले माजी रशियन अधिकारी सर्गेई स्क्रिपाल आणि त्यांच्या मुलीवर विषप्रयोग झाल्यानंतर ब्रिटनने २३ रशियन हाकलले, रशियाने २३ ब्रिटिश. नंतर वीसहून अधिक देश ब्रिटनच्या बाजूने उतरले. एकट्या अमेरिकेने ६० जणांना काढलं आणि सिअ‍ॅटलचा रशियन वाणिज्य दूतावास बंद केला. रशियाने ६० अमेरिकी काढले आणि सेंट पीटर्सबर्गमधला अमेरिकी वाणिज्य दूतावास बंद केला. ज्या देशांनी एक-दोन जणांना काढलं, त्यांचेही तेवढेच लोक मॉस्कोतून गेले.

त्या ६० जणांत न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रांतल्या रशियन शिष्टमंडळाचे १२ जण होते. तिथली गोष्ट थोडी वेगळी आहे. ते अमेरिकेकडे नेमलेले नसतात, संयुक्त राष्ट्रांकडे असतात, त्यामुळे कलम ९ थेट लागू होत नाही. अमेरिका त्यासाठी मुख्यालयाबाबत संयुक्त राष्ट्रांशी १९४७ साली झालेल्या कराराचा आधार घेते. आपल्या पदाबाहेर जाऊन निवासाच्या सवलतीचा गैरवापर करणाऱ्याला बाहेर काढता येईल, अशी तरतूद त्यात आहे. रशिया दरवेळी याला हरकत घेतो.

अलीकडे आणखी एक हत्यार जास्त दिसू लागलं आहे, ते म्हणजे कलम ११. त्याखाली यजमान देश समोरच्या दूतावासाचा आकार वाजवी मर्यादेत ठेवायला सांगू शकतो. इथे कुणावर आरोप करायची गरजच नाही. एप्रिल २०२१मध्ये चेक प्रजासत्ताकाने २०१४मधल्या एका दारूगोळा कोठारातल्या स्फोटाबद्दल रशियन गुप्तचरांना जबाबदार धरून १८ जणांना हाकललं. रशियाने २० चेक अधिकाऱ्यांना काढलं. मॉस्कोतला चेक दूतावास मुळात लहान, त्यामुळे त्याचं कामच अडलं. मग चेक सरकारने फर्मावलं की आमची जेवढी माणसं मॉस्कोत उरली आहेत, तेवढीच तुमची प्रागमध्ये राहतील.

भारत आणि कॅनडा यांच्यातला वादही इथेच येऊन पोहोचला. सप्टेंबर २०२३मध्ये कॅनडाने एका भारतीय राजनैतिक अधिकाऱ्याला, तो भारतीय गुप्तचर संस्थेचा कॅनडातला प्रमुख आहे असं सांगून, बाहेर काढलं. शीख फुटीरतावादी हरदीपसिंग निज्जर यांच्या हत्येत भारताचा हात असल्याचा कॅनडाचा आरोप भारताने साफ फेटाळला आणि एका वरिष्ठ कॅनेडियन अधिकाऱ्याला पाच दिवसांत जायला सांगितलं. पुढच्या महिन्यात भारताने कॅनडाच्या भारतातल्या मनुष्यबळाचा मुद्दा काढला आणि दोन्हीकडची संख्या सारखी असावी असं सांगितलं. कॅनडाने ६२पैकी ४१ अधिकारी परत नेले. ठरलेल्या तारखेनंतर यांचं संरक्षण काढून घेऊ असं बजावणं हा व्हिएन्ना कराराचा भंग आहे, असं कॅनडाचं म्हणणं. कलम ११ आम्हाला ही मुभा देतं, असं भारताचं. दोन्ही बाजूंना आधार एकाच कराराचा. संख्या कमी करा असं सांगता येतं, याबद्दल माझ्या मते शंका नाही. पण समोरच्याने ऐकलं नाही तर एकाच दिवशी अनेकांचं संरक्षण काढता येतं का, यावर करारात सरळ उत्तर सापडत नाही.

या सगळ्यात हेरगिरीची खरी किंमत कोण मोजतं, ते मात्र आकड्यांत दिसत नाही. मॉस्कोतले इलेक्ट्रॉनिक्स अभियंते अदोल्फ तोल्काचेव्ह यांनी अनेक वर्षं सीआयएला रडारविषयीची कागदपत्रं पुरवली. जून १९८५मध्ये ते पकडले गेले. त्याच महिन्यात त्यांना भेटायला निघालेला अमेरिकी अधिकारीही सापळ्यात सापडला. अधिकाऱ्याला देशाबाहेर काढलं. तोल्काचेव्ह यांना पुढच्या वर्षी मृत्युदंड दिला गेला. व्हिएन्ना करार स्थानिक माणसाबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि काढणारही नाही. तो दोन सरकारांमधला व्यवहार आहे.

ही किंमत आणखी एका गटाकडूनही वसूल होते, ज्याचा हेरगिरीशी दुरूनही संबंध नाही. दूतावासातली माणसं कमी झाली की पहिली कात्री लागते ती व्हिसा, पासपोर्ट आणि अडचणीतल्या नागरिकांना मदत करणाऱ्या खिडक्यांना. अमेरिका आणि रशिया यांच्यात वर्षानुवर्षं हकालपट्ट्या चालल्या. त्यात रशियाने अमेरिकी दूतावासाला स्थानिक कर्मचारी नेमायलाही बंदी घातली. २०२१मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासाने नेहमीचे व्हिसा देणं थांबवलं आणि अमेरिकेत स्थायिक होऊ पाहणाऱ्या रशियन नागरिकांना मुलाखतीसाठी पोलंडमधल्या वॉर्सा शहरात जायला सांगितलं.